डावऱ्याचा कोयंडा

कुलूप कारागिरांच्या संघाचं कार्यालय एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खालची यंत्रं सुरू झाली की टेबलावरचा चहा कपात थरथरायचा आणि भिंतीवरची कुलपं बारीक किणकिणायची. चिटणीसबाईंना त्या आवाजाची इतकी सवय होती की यंत्रं बंद पडली तरच त्या मान वर करायच्या.

चिटणीसबाई म्हणजे संघाच्या पगारी चिटणीस. बाकी सगळे हौशी पदाधिकारी. पत्रं लिहिणं, वर्गणी गोळा करणं, सभेच्या आधी खुर्च्या झाडणं आणि सभेनंतर कोण कोणाला काय बोललं ते विसरून जाणं, ही कामं बाईंची. त्यांचा नवराही संघाचा सभासद. त्यामुळे नवखे लोक त्यांना बाई म्हणायचे आणि जुने लोक वहिनी.

दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक जाड, काळी पडलेली लाकडी फळी दिसायची. तिच्यात ओळीने अठ्ठेचाळीस लोखंडी कोयंडे ठोकलेले आणि प्रत्येक कोयंड्यात एक बंद कुलूप. नियम असा, की नव्या सभासदाने स्वतःच्या हाताने एक कुलूप बनवायचं आणि सगळ्यांच्या देखत ते आपल्या कोयंड्यात अडकवून दाबायचं. किल्ली घरी न्यायची. तो धंद्यात आहे तोवर कुलूप तिथे. धंदा सोडला किंवा जग सोडलं, की त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी किल्ली आणायची, कुलूप उघडायचं आणि ते उघडंच घरी न्यायचं. मग कोयंडा मोकळा, आणि पुढचा माणूस आत.

आणखी एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. फळीवरच्या दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावायचा नाही. त्या खोलीत बसणाऱ्या कोणालाही ती सगळी कुलपं केसांच्या पिनेने उघडता आली असती. म्हणूनच लावायचा नाही.

कोयंडे अठ्ठेचाळीस, म्हणून सभासद अठ्ठेचाळीस. फळी वाढवावी असं दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी सुचवायचं आणि बाकीचे छताकडे बघायला लागायचे. कामं आहेत तेवढीच आहेत, वाटेकरी कशाला वाढवा? पोलीस ठाण्यात आणि मोठ्या इमारतींच्या पहारेकऱ्यांकडे संघाची यादी टांगलेली असायची. दार आतून लागलं, किल्ली हरवली, म्हातारं माणूस आत अडकलं, की यादीतल्या माणसाला फोन जायचा. यादीत नसलेल्याला कोणी आपल्या बंद दारापाशी उभं करत नसे.

आता अडचण अशी होती की त्या अठ्ठेचाळीसांपैकी नऊ कुलपांचे मालक हयात नव्हते. त्यांच्या घरी विचारलं की एकच उत्तर यायचं, “किल्ली सापडत नाही हो.” यावर संघाला काही बोलता येत नसे. कुलूपवाल्याच्या घरात किल्ली सापडत नाही, हे ऐकायला कसंसंच वाटे. पण खोटं कसं म्हणणार?

त्या नऊपैकी एक कुलूप चिटणीसबाईंच्या नवऱ्याचं होतं.

त्याला सगळे डावरा म्हणत. डावरा गेला तो दुकानातच, दुपारच्या आधी, कानस हातात असताना. बाईंना निरोप आला. त्या जाऊन पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी त्याला बाकावर आडवं केलं होतं. एक गिऱ्हाईक कोपऱ्यात अवघडून उभं होतं. त्याची किल्ली अर्धी कापलेली, शिकंज्यात तशीच होती. बाईंनी आधी त्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगितला, त्याची मूळ किल्ली परत दिली, टेबलावरचा दिवा बंद केला, आणि मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

तेव्हापासून असंच चाललं होतं. कामं होत होती. त्या वेळेवर उठत, डबा करत, कार्यालय उघडत, पत्रांना उत्तरं देत. जेवताना भाजीत मीठ आहे की नाही हे त्यांना कळायचं, पण जास्त असलं काय, कमी असलं काय, त्याने फरक पडायचा नाही. लोक भेटायला आले तेव्हा त्यांनी लोकांनाच धीर दिला. नणंद जाताना दारात म्हणाली, “वहिनी, तू रडली नाहीस अजून. बरं नव्हे हे.” बाई म्हणाल्या, “रडेन गं. सावकाश.” जसं काही पडदे धुवायचे राहिलेत.

मुलगी परगावी होती. ती दर रविवारी दुपारी फोन करायची.

“आई, जेवलीस?”

“जेवले.”

“काय केलं होतंस?”

बाईंना आठवायला वेळ लागे. मुलगी पलीकडे गप्प बसून वाट बघे, आणि ती वाट बघणं बाईंना ऐकू येई.

कुलपाची किल्ली कुठे आहे ते बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डावऱ्याच्या चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली. ती डबी खिडकीत होती. बाई रोज खिडकी पुसत, डबी उचलत, पुसत आणि परत ठेवत. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, “सापडत नाही.” असं का म्हणाल्या ते त्यांना सांगता आलं नसतं. दुःखाने म्हणावं, तर दुःख होत नव्हतं. एवढंच, की बाकी सगळं मार्गी लागलं होतं. दुकान भाड्याने गेलं, कपडे देऊन झाले, बँकेतल्या सह्या झाल्या. राहिलं होतं ते हे एक. ते उरकलं की काय उरेल, हा प्रश्न बाई डबीसारखाच उचलत आणि जागेवर ठेवून देत.

दर सोमवारी सकाळी कार्यालयाच्या जिन्यावर एकाच ठरावीक चालीची पावलं वाजत. चाळिशीची एक बाई वर येई. जाड चष्मा, मनगटावर पोळल्याचा डाग, काखेत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं एक कुलूप. संघात तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिचे वडील दुसऱ्या गावात हाच धंदा करायचे, ती त्यांच्याच हाताखाली शिकली. प्रवेशाची परीक्षा तिने मागेच दिली होती. परीक्षा घेणारे दोघे बाहेर येऊन एकमेकांशी बोलले नाहीत, इतकी चांगली दिली होती. आता फक्त कोयंडा हवा होता.

“आहे का, बाई?”

“नाही गं अजून.”

“बरं.”

एवढंच बोलणं. कधी ती पाच मिनिटं बसे. एकदा बसल्या बसल्या तिने टेबलाचा अडकणारा खण ठीक करून दिला. “मेणबत्ती घासा अधूनमधून,” म्हणाली. तक्रार नाही, गाऱ्हाणं नाही. बाईंना वाटे, हिने एकदा तरी भांडावं. ती गेली की भिंतीकडे पाठ करून त्या टपाल उघडत.

अध्यक्ष पन्नाशीच्या आतलेच होते. चार दुकानं, बोलणं भराभर, मनाचे वाईट नाहीत. त्यांनी संघ हातात घेतला तेव्हा संघाची अवस्था बिकट होती. छापखानेवाला भाडं वाढवत होता, सभासदांचा विमा महागला होता, आणि वर्गणी वाढवायचा विषय काढला की जुनी मंडळी मुळात वर्गणी हवीच कशाला इथपासून सुरुवात करत. मग अध्यक्ष व्यापाऱ्यांच्या एका शिबिराला गेले. संघटनांनी वर्गणीचे दर कसे ठरवावेत, यावर तिथे दिवसभर व्याख्यानं होती. दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले ते जिन्यावरूनच बोलत.

“वहिनी, आपण सगळं उलटं करत होतो. आपल्याला किती लागतात, ते बघून आपण दर ठरवायचो. समोरच्याला त्या गोष्टीची किती किंमत वाटते, ते बघून ठरवायचं असतं!”

“म्हणजे?”

“म्हणजे हे बघा.” त्यांनी फळीकडे बोट केलं. “ही नऊ कुलपं. जागा अडवून बसलीत. वर्गणी शून्य. का? तर त्या जागेला आपण भावच लावलेला नाही. भाव नुसता पैसे मिळवायला नसतो, जागा सोडवायलाही असतो. ‘स्मृती-सभासद’ असा वेगळा वर्ग करू. ठेवायचंय कुलूप? खुशाल ठेवा, वर्षाला इतके द्या. नाही परवडत? किल्ली आणा. आपोआप सापडतील किल्ल्या!”

खाली यंत्र सुरू झालं. कुलपं किणकिणली.

“इतके म्हणजे किती?” बाईंनी विचारलं.

“तेच तर विचारायचंय. चार प्रश्न आहेत.” त्यांनी खिशातून कागद काढला. “पहिला: किती मागितले तर तुम्ही म्हणाल, छे, एवढे कोण देतं? दुसरा: किती असले तर जड जाईल, पण द्याल? तिसरा: किती असले तर स्वस्तात पडलं असं वाटेल? आणि चौथा: किती कमी असले तर वाटेल, यात काही अर्थ नाही, ही वस्तू घेण्यासारखीच नाही? सगळ्यांची चारही उत्तरं एकमेकांवर ठेवली की मधोमध दर सापडतो. तुम्ही फोन कराल सगळ्यांना? तुमच्याशी बोलतील ते. तुम्ही…” ते अडखळले.

“मी त्यांच्यातलीच आहे,” बाई म्हणाल्या. “करते.”

त्यांनी आठ फोन केले.

एका गेलेल्या सभासदाचा मुलगा टॅक्सी चालवायचा. गाडी कडेला घेऊन तो बोलला. “किती झाले तर नाही म्हणेन? मावशी, तुम्ही आधी आकडा सांगा ना. मी सांगितला आणि तुमचा कमी असला तर?” मग जरा वेळाने, “मी लहान असताना बाबांनी मला उचलून ते कुलूप दाखवलं होतं. तुम्ही काय लावाल ते लावा. फक्त एकदम मागू नका, दोनदा करून द्या.”

एक सून म्हणाली, “अहो, घरी आणून ठेवू कुठे? इथे माणसांना जागा नाही. तुमच्याकडेच बरं आहे.” मागून सासूचा आवाज आला, “कोण आहे गं? कुलपाचं आहे का? देऊ म्हणावं, माझ्या औषधातून देऊ.” सून फोनवर हात ठेवून काहीतरी बोलली आणि परत येऊन म्हणाली, “ऐकलंत ना? आता लिहा तुम्हीच.”

एका सभासदाच्या बायकोने दुसरं लग्न केलं होतं. ती हळू आवाजात बोलत होती. “यांना माहीत नाही किल्ली माझ्याकडे आहे ते. बिल घरी नका पाठवू हं. मी येऊन देत जाईन.” मग तिलाच हसू आलं. “बघा ना, एखादं लफडं असावं तसं बोलतेय मी.”

एका म्हाताऱ्या आईने चारही प्रश्न नीट ऐकून घेतले. “परत सांग पहिला.” बाईंनी परत सांगितला. “किती मागितले तर मी नाही म्हणेन?” आई विचारात पडली. “तुला कोणी विचारलं, तर तू काय सांगशील गं?”

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गादी बडवत होतं. “मला अजून कोणी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या.

सगळी उत्तरं मिळाली तेव्हा तीन प्रश्नांपुढे काही ना काही होतं. कोणी म्हणालं महिन्याच्या दुधाइतके, कोणी दोन किल्ल्यांच्या मजुरीइतके. पहिल्या प्रश्नापुढे मात्र काहीच नव्हतं. किती मागितले तर नाही म्हणाल, याला आठांपैकी एकानेही आकडा दिला नव्हता.

अध्यक्षांनी कागद पाहिला आणि हळूच शीळ घातली. शीळ घातल्याचं लक्षात आल्यावर ते ओशाळले. “म्हणजे कोणीच सोडणार नाही. कितीही लावा.”

“नाही सोडणार.”

“मग जागा नाही सुटणार, पण पैसे तर येतील.” ते खुर्चीत मागे रेलले. “मी काही लुटायला बसलेलो नाही, वहिनी. दुसऱ्या प्रश्नाचा दर लावू. जड जाईल पण देतील, तो. भाडं निघेल, विमा निघेल. शनिवारी सभेपुढे ठेवतो.” मग ते पुढे वाकले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. “आणि तुम्हाला काही नाही हं. तुमचं फुकट. मसुद्यात आधीच घालून टाकलंय.”

“फुकट?”

“मग काय! डावऱ्याकडून पैसे घेऊ मी? आणि तुम्ही तर ऑफिसच्याच.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि कप विसळायला उठल्या.

घरी जाताना त्या नेहमीच्या रस्त्याने निघाल्या. डोक्यात काही नव्हतं. चौकापाशी चौथा प्रश्न आठवला: किती कमी असले तर वाटेल, ही वस्तू घेण्यासारखीच नाही? त्या चालत राहिल्या. बरेच दिवस बंद असलेल्या नळात पाणी यायच्या आधी खरखर होते, तशी कुठेतरी आत खरखर झाली आणि थांबली. ऑफिसच्याच. म्हणजे टेबल, खुर्ची, खण आणि डावऱ्याचं कुलूप.

बुटांच्या दुकानाच्या जिन्याखाली चष्मेवालीची जागा होती. जेमतेम एक टेबल, एक दिवा आणि वर तिरका जिना. उभं राहिलं की डोकं आपटेल असा. बाई रोज तिथून जायच्या, पण पलीकडच्या कडेने. आज वाहनांमुळे त्यांना अलीकडेच थांबावं लागलं.

एक माणूस धावत आला. पायात चपला घरातल्या, हातात कचऱ्याची रिकामी बादली. “किल्ल्या करता ना तुम्ही? माझं दार लागलं हो! कचरा टाकायला आलो आणि वाऱ्याने धाडकन… आत दूध ठेवलंय गॅसवर!”

चष्मेवाली उठलीसुद्धा होती, डोकं वाचवून. “चला. कुठे?”

“हे इथेच, मागे.” तो दोन पावलं गेला आणि वळला. “यादीत आहात ना तुम्ही? नाहीतर खाली पहारेकरी सोडणार नाही.”

“यादीत नाही.”

“अरे देवा.” त्याने इकडे-तिकडे बघितलं. “मग यादीतलं कोण आहे जवळ?”

तिने त्याला पत्ता सांगितला. डाव्या हाताला, दवाखान्याच्या पुढे. तो बादली हलवत धावत सुटला. चष्मेवालीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, “पहारेकऱ्याला गॅस बाहेरून बंद करायला तरी सांगा!” असं ओरडली, मग खाली बसून अर्धवट राहिलेली किल्ली उचलली. फुंकर मारून पितळेचा चुरा उडवला.

तेव्हा तिला समोर उभ्या असलेल्या बाई दिसल्या.

“बाई! आज इकडून?”

“शनिवारी ये,” बाई म्हणाल्या. “सभेला.”

“सभासद नाही मी. बसू देतील?”

“जिन्यावर बस. कुलूप घेऊन ये.”

सभेला बहुतेक सगळे आले होते, कारण पैशांचा विषय होता. अध्यक्षांनी मसुदा वाचला. स्मृती-सभासद, वार्षिक दर अमुक, न भरल्यास कुलूप उतरवण्यात येईल.

“कोण उतरवणार?” आबांनी विचारलं. आबा म्हणजे संघातले सगळ्यात जुने सभासद. कान गेले होते असं सगळे समजत, पण नको ते त्यांना बरोबर ऐकू येई.

“म्हणजे?”

“पैसे नाही भरले कोणी, तर ते कुलूप उघडणार कोण? किल्ली नाही. तू उघडशील?”

“वेळ आली तर…” अध्यक्ष म्हणाले.

“मी नाही उघडणार. हा उघडेल का विचार.” आबांनी शेजारच्याकडे काठी केली. शेजारच्याने छताकडे पाहिलं. मग एकेक करून सगळेच छताकडे पाहायला लागले. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, “जाहिरात देऊ या. कुलूपवाल्यांच्या संघाला कुलूप उघडणारा पाहिजे.” खोली हसली. अध्यक्षही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

“न भरण्याचा प्रश्नच येणार नाही,” ते म्हणाले. “सगळ्यांना विचारलंय. सगळे भरणार आहेत. फक्त वहिनींना आपण सवलत देतोय, पूर्ण. याला कोणाची हरकत?”

कोणाची असणार? लोक बाईंकडे वळून बघायला लागले, मायेने, आजाऱ्याकडे बघावं तसं.

“माझी आहे,” बाई म्हणाल्या.

त्या भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून चष्म्याची डबी काढली, फडकं बाजूला केलं आणि किल्ली हातात घेतली. किल्ली सापडत नाही म्हणणाऱ्या बाईंच्या हातात किल्ली आहे, हे सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

“वहिनी, अहो, तुम्हाला कोणी सांगितलंय का…” अध्यक्ष अर्धवट उठले.

“नाही सांगितलं. म्हणूनच.”

त्या फळीपाशी गेल्या. डावऱ्याचं कुलूप खालच्या ओळीत होतं, पोलादाचं, ओबडधोबड. बाविसाव्या वर्षी बनवलेलं. इतकी वर्षं त्याच्यासमोर बसूनही त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. ते गार होतं. त्यांनी किल्ली घातली आणि उजवीकडे फिरवली.

फिरेना.

त्यांनी जरा काढून परत घातली. फिरेना. त्यांना वाटलं, ही किल्ली दुसऱ्याच कशाची तरी असेल. आपण खोटं बोललोच नाही. किल्ली खरंच हरवलीय आणि आता हे इथून कधीच निघणार नाही. आणि त्या विचाराने सुटल्यासारखं वाटलं की घाबरल्यासारखं, हेही त्यांना कळेना. मागे खुर्च्या करकरल्या. तीस-पस्तीस माणसं हात शिवशिवत उभी होती, आणि नियमाप्रमाणे एकही पुढे येत नव्हता.

“डावीकडे,” आबा म्हणाले.

“अं?”

“डावीकडे फिरव, बाई. डावऱ्याचं कुलूप आहे ते.”

बाईंनी मागे वळून पाहिलं. “पण ते डावरे नव्हते,” त्या म्हणाल्या. “जेवायचे उजव्या हाताने, लिहायचे उजव्या हाताने. मी किती वेळा विचारलं यांना, तुम्हाला डावरा का म्हणतात. नुसते हसायचे.”

“सांगेल कशाला!” आबांनी काठी आपटली. “आतली अख्खी रचना उलटी बसवली होती पठ्ठ्याने. बसवून, रिव्हेट ठोकून, तेलपाणी करून मग कळलं. दुसरं बनवायला पोलाद नव्हतं. तर सभेत येऊन छाती काढून सांगतो कसा, की चोराला चकवायला मुद्दाम केलंय! आम्ही म्हटलं, हो का? मग आजपासून तू डावरा.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

बाईंनी किल्ली डावीकडे फिरवली. कुलूप लगेच उघडलं, जणू काल परवा कोणी उघडलं असावं तसं. कडी वर आली, आणि त्याच वेळी बाईंच्या घशातून एक आवाज निघाला. उचकी लागल्यासारखा. त्यांनी तोंडावर हात धरला, पण तो परत आला, आणि मग आवरेना. त्या हसत होत्या. छाती काढून उभा असलेला बावीस वर्षांचा तो मुलगा त्यांना दिसत होता. त्याला त्या कधी भेटल्याच नव्हत्या. त्यांचं लग्न झालं तोवर तो पुरता डावरा झाला होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तसं त्यांनी ते फडक्याने पुसलं, आणि नेमकं कोणत्या क्षणी हसू थांबलं नि नुसतं पाणी राहिलं, ते त्यांनाही कळलं नाही. ते फार वेळ चाललं नाही. मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं सपाट झालं. जवळजवळ पहिल्यासारखं.

“जिन्यावर एक बाई बसल्यात,” त्या म्हणाल्या. “त्यांना बोलवा.”

चष्मेवाली आत आली ती सगळ्यांना बघून दारातच थबकली. मग तिला मोकळा कोयंडा दिसला. तिने पिवळं फडकं सोडलं. तिचं कुलूप लहान होतं, पितळेचं, डोळ्यात भरेल असं साफ. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी नकळत माना पुढे काढल्या.

“दाबू?” तिने बाईंना विचारलं.

“किल्ली कुठे आहे तुझी?”

तिने गळ्यातली दोरी दाखवली.

“घरच्यांना सांगून ठेव, कुठे असते ते,” बाई म्हणाल्या. “दाब.”

स्मृती-सभासदांचा ठराव त्या दिवशी मंजूर झालाच. बाईंनीच तो वहीत लिहिला आणि पुढच्या आठवड्यात आठही घरांना पत्रं पाठवली. दुसरं लग्न केलेल्या बाईंचं सोडून, त्यांना फोन केला. टॅक्सीवाल्याने दोनदा करून भरले. सासूने औषधातून दिले की कशातून, ते सुनेने सांगितलं नाही. भाडं निघायला लागलं. अध्यक्ष पुढच्या शिबिराला गेले.

रविवारी दुपारी मुलीचा फोन आला तेव्हा कुलूप जेवणाच्या टेबलावर उघडं पडलेलं होतं. उघडंच घरी न्यायचं हे खरं, पण घरी आणल्यावर त्याचं काय करायचं, याबद्दल संघाचा नियम काही सांगत नव्हता. बाईंनी ते दाबून बंद केलं. किल्ली घातली. हात सवयीने उजवीकडे वळला.

“आई? जेवलीस?”

“जेवले.”

“काय केलं होतंस?”

“थांब,” बाई म्हणाल्या. “ते जाऊ दे. तुझ्या बाबांना डावरा का म्हणायचे, माहीत आहे तुला?”